भूतानचे कोटी आणि तुझ्या गावचा टँकर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

भारताच्या परदेशी मदतीवरच्या तुझ्या लघुप्रबंधाचा आराखडा मिळाला, दोनदा वाचला. पहिल्याच पानावर तू लिहिलंयस, ‘उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर एक दिवसाआड येतो आणि सरकार मालदीवला सहाशे कोटी देतं.’ तुझ्या मार्गदर्शकांनी त्याखाली रेघ मारून ‘भावनिक विधान’ असा शेरा दिलाय. माझं ऐकशील तर हे वाक्य काढू नकोस. ज्यांच्या घरात घागरी रिकाम्या आहेत त्यांनीच परदेशातल्या खर्चाचा जाब विचारायचा असतो. फक्त जाब विचारलास तर उत्तरापर्यंत जा, मध्येच थांबू नकोस.

आधी आकडा. 2025-26 च्या अर्थसंकल्पात केंद्राचा एकूण खर्च 50.65 लाख कोटी रुपये. परराष्ट्र मंत्रालयाला त्यातले सुमारे साडेवीस हजार कोटी आणि त्यातूनच इतर देशांना थेट मदत म्हणून साधारण साडेपाच हजार कोटी. म्हणजे हजारातला जेमतेम एक रुपया. त्या साडेपाच हजारांत एकट्या भूतानचे 2,150 कोटी, नेपाळचे 700, मालदीवचे 600, मॉरिशसचे 500. मालदीवचा तुझा आकडा बरोबर आहे. पण त्याच्या शेजारी दुसरा ठेव. 2024-25 साली गावोगावी नळानं पाणी देणाऱ्या जलजीवन मिशनला 70,163 कोटींची तरतूद होती. वर्ष सरता सरता सुधारित अंदाजात ती 22,694 कोटींवर आली. एका वर्षात कमी झालेली ही रक्कम सगळ्या परदेशी मदतीच्या आठ पटींहून जास्त भरते. तुझ्या गावचं पाणी मालेला, मालदीवच्या राजधानीला, गेलेलं नाही. ते तरतुदीत होतं आणि तरतुदीतून नळापर्यंत आलं नाही. ते का आलं नाही हा वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे, आणि तो कुणीतरी जीव ओतून करायला हवा.

मालेला पाणी गेलं होतं, तेही लिही. डिसेंबर 2014 मध्ये तिथल्या खारं पाणी गोडं करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले. भारतानं विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचवलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा तू शाळेत असशील. लातूरच्या माणसाला मालेतल्या त्या दिवसांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता एक गोष्ट जी तुझ्या आराखड्यात गोंधळली आहे. तू अनुदान आणि कर्ज एकाच बेरजेत टाकलंस. वर दिलेले आकडे अर्थसंकल्पातल्या मदतीचे आहेत. लाइन ऑफ क्रेडिट वेगळी. तिथं आपली एक्झिम बँक, म्हणजे सरकारची निर्यात-आयात बँक, दुसऱ्या देशाच्या सरकारला सवलतीच्या व्याजानं कर्ज देते, व्याजातला फरक केंद्र सरकार सोसतं आणि त्या कर्जातून होणाऱ्या खरेदीचा मोठा वाटा, साधारणपणे तीन चतुर्थांश, भारतातून घ्यावा लागतो. बँक पैसे बहुतेक वेळा थेट भारतीय कंपनीलाच चुकते करते. कागदावर आफ्रिकेतल्या एखाद्या देशाला दिलेले दहा कोटी डॉलर प्रत्यक्षात आपल्याकडच्या पंपांचे, तारांचे, ट्रॅक्टरचे पैसे असू शकतात. आणि तिसरा प्रकार प्रशिक्षणाचा. 1964 पासून चालू असलेल्या आयटेक कार्यक्रमात परदेशी अधिकारी भारतात शिकून जातात. त्यावर खर्च कमी होतो आणि ओळखी टिकतात. तिन्ही प्रकार वेगवेगळे मोज, नाहीतर पुढचं सगळं चुकेल.

माझा खरा आग्रह यापुढचा आहे. मदतीचं राजकारण समजायचं असेल तर देणाऱ्याच्या खुर्चीतून उठ आणि घेणाऱ्याच्या अंगणात जाऊन बस. त्यासाठी तुला भूतानच्या राजधानीला, थिंफूला जायची गरज नाही. आपला मराठवाडा घेणाऱ्यांतलाच आहे.

अजिंठा घे. अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पाचा पहिला टप्पा 1992 साली जपानच्या सवलतीच्या कर्जातून आला. संवर्धन, रस्ते, पाणी, विमानतळ असं बरंच त्यात होतं. मग मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि जपाननं भारताची नवी येन कर्जं गोठवली. ही बंदी ऑक्टोबर 2001 मध्ये उठली. अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या कर्जावर सह्या झाल्या 2003 साली. मी असं म्हणत नाही की प्रत्येक वर्षाचा उशीर पोखरणमुळेच झाला. तेवढा पुरावा तुला शोधावा लागेल. पण टोकियोत घेतलेल्या एका निर्णयाची सावली आपल्या वाघूर नदीकाठच्या कामावर पडू शकते, हे पाहायला यापेक्षा जवळचं उदाहरण मिळणार नाही. आणि त्या बंदीनं भारतानं अणुकार्यक्रम सोडला का? नाही. तीन वर्षांत जपाननंच बंदी उठवली. मदत रोखून मोठ्या देशाचं धोरण वळत नाही. दुखावलेपण मात्र शिल्लक राहतं.

पुढचा भाग बघायला सोयगावला मावशीकडे जाशील तेव्हा अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या फाट्यावर उतर. त्याच पैशांतून तिथं भलंमोठं अभ्यागत केंद्र उभं राहिलं. लेण्यांच्या प्रतिकृती केल्या, कारण खऱ्या लेण्यांतली गर्दी कमी व्हावी, भित्तिचित्रांना श्वास मिळावा. उद्देश उत्तम होता. पण काही वर्षांतच वीज-पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला टाळं लागलं. कर्ज देणाऱ्याच्या अहवालात इमारत ‘पूर्ण’ असते. रोजचं बिल कोण भरणार, ते त्या अहवालात नसतं. भारतानं दुसऱ्या देशात बांधलेल्या प्रत्येक रुग्णालयाला आणि सभागृहाला तू हाच प्रश्न लाव: बांधून झाल्यावर पाचव्या वर्षी दिवे कोण लावतंय?

किल्लारीचंही तसंच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे माळवदाची दगडी घरं माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देशी-परदेशी संस्थांच्या मदतीतून बावन्न गावं नव्या जागी उभी राहिली. काम मोठंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण नवी गावं सरळ रेघांत आखली गेली. रस्ते रुंद, घरं एका मापाची. गुरांना जागा नाही, शेत लांब, भावकी विखुरलेली. तिथल्या आया-बायांशी बोल. उपकाराची भावना आणि न विचारता आखलेल्या गावाची खंत एकाच माणसाच्या तोंडून तुला ऐकायला मिळेल. नेपाळचा किंवा भूतानचा माणूस भारताबद्दल बोलतो तेव्हा तो काही वेगळा नसतो.

नेपाळबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, तिथं दहा पानं हवीत. 25 एप्रिल 2015 चा भूकंप झाला आणि काही तासांत भारताची विमानं काठमांडूला उतरली. पुनर्बांधणीसाठी एक अब्ज डॉलर जाहीर झाले, त्यातला पाव भाग अनुदान आणि उरलेलं कर्ज. असा सद्भाव शेजाऱ्यांत क्वचित मिळतो. सप्टेंबरमध्ये नेपाळनं नवी राज्यघटना लागू केली, भारताला लागून असलेल्या तराईतल्या मधेशी लोकांनी आंदोलन केलं, भारतातून जाणारे ट्रक सीमेवर अडले. आम्ही नाकेबंदी केलेली नाही, असं भारतानं सांगितलं. पण काठमांडूत ज्या बाईला भूकंपानंतर ताडपत्रीखाली हिवाळा काढायचा होता आणि सिलिंडर मिळत नव्हता, तिनं दिल्लीलाच जबाबदार धरलं. मार्च 2016 मध्ये नेपाळनं चीनशी वाहतुकीचा करार केला. पाच महिन्यांत कमावलेलं पाच महिन्यांत गेलं, आणि ते पैशांनी भरून आलं नाही. पुढं 2019 मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही इंधनाची पाइपलाइन सुरू झाली, हे त्या जखमेवरचं खरं औषध होतं असं मला वाटतं. भाषणांपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला असेल.

भूतानमध्येही जुलै 2013 मध्ये ऐन निवडणुकीच्या तोंडावर रॉकेल आणि गॅसवरचं भारताचं अनुदान थांबलं होतं. नंतर ते पूर्ववत झालं, पण भूतानच्या लोकांनी त्याचा अर्थ काय लावला असेल, तूच विचार कर. उलट 2017 मध्ये भारत-चीन-भूतान सीमेवरच्या डोकलामला चीननं रस्ता बांधायला घेतला तेव्हा भूताननं जाहीरपणे सांगितलं की हा आमच्याशी झालेल्या कराराचा भंग आहे. एवढा छोटा देश असं बोलतो, त्यामागं भारतानं उभारून दिलेल्या चुखा, ताला यांसारख्या जलविद्युत प्रकल्पांची कित्येक वर्षं आहेत, हे मी ठामपणे मानतो. तिथली वीज भारत विकत घेतो, त्यातून भूतानच्या शाळा-दवाखान्यांना पैसा मिळतो. देणारा आणि घेणारा अशी सरळ वाटणी तिथं उरत नाही.

मालदीवच्या बाबतीत तुझ्या वर्गातली मुलं ‘एवढं करून उपयोग काय’ असं म्हणतात, असं तू लिहिलंस. 2023 च्या शेवटी मुइझ्झू अध्यक्ष झाले, भारतीय सैनिकांनी जावं ही मागणी त्यांनी पूर्ण करून घेतली आणि मे 2024 पर्यंत सैनिकांच्या जागी बिगरलष्करी तंत्रज्ञ आले. रागानं आपण हात आखडता घेतला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. भारतानं तसं केलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालदीवच्या रिकाम्या होत चाललेल्या परकीय चलनाच्या गंगाजळीला 40 कोटी डॉलरच्या चलन अदलाबदलीचा, म्हणजे परतीच्या बोलीवर दिलेल्या चलनाचा, आधार दिला. सरकारं बदलतात, बेट तिथंच राहतं आणि त्याच्या शेजारून जाणारा जहाजांचा मार्गही. मला हा संयम फार मोलाचा वाटतो.

अफगाणिस्तानवर सावकाश लिही. हेरातजवळच्या हरीरूद नदीवर भारतानं सलमा धरण बांधलं, 42 मेगावॉटचं, 2016 मध्ये ते सुरू झालं. आपल्याकडे त्याच्या फक्त मैत्रीच्या बातम्या आल्या. पण ती नदी पुढं इराणच्या सीमेवरून तुर्कमेनिस्तानात जाते, आणि वर पाणी अडलं की खालच्याला काय वाटतं हे नाशिक-नगरच्या धरणांकडे बघत जायकवाडीच्या काठावर बसलेल्या माणसाला विचार. एका देशाला दिलेली भेट तिसऱ्या देशाला खुपू शकते. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान आल्यावर आपला दूतावास बंद झाला, तरी दुसऱ्या वर्षी गव्हाचे ट्रक पाकिस्तानातून गेले, मग एक तांत्रिक पथक काबूलला बसलं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचा पुन्हा दूतावास झाला. मुलींना शाळा नाकारणाऱ्या राजवटीशी बोलायला मिळावं म्हणून गहू वापरायचा का? मला हा प्रश्न छळतो. माझं मत असं, की गहू द्यावा, कारण उपाशी माणूस तालिबान नसतो. पण त्या गव्हाच्या बदल्यात आपण गप्प बसू नये. तुझं मत वेगळं असलं तरी चालेल, फक्त ते लिही.

अमेरिकेचा उल्लेख एका परिच्छेदात कर. 1961 साली स्थापन झालेली यूएसएड ही तिची परदेशी मदतीची संस्था 2025 मध्ये काही महिन्यांत मोडीत काढली गेली. ब्रिटननंही मदतीचं प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 2027 पर्यंत 0.3 वर आणायचं ठरवलं. ती जागा भारतानं भरावी असं काही जण म्हणतात. आपल्या हजारातल्या एका रुपयानं ती भरत नाही, आणि तसं भासवणंही बरं नाही.

आता कामाचं. ‘भारताची परदेशी मदत : एक अभ्यास’ हे शीर्षक तुला दमवेल. एकच देश घे, भूतान घे. तिथंही जलविद्युतच घे. चुखाला 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज होतं, नंतरच्या मंगदेछू प्रकल्पाला आलो तेव्हा 30 आणि 70 झालं. हा उलटा झालेला हिशेब भूतानमध्ये कर्जाची चिंता कशी वाढवतो, ते बघ. पुनात्सांगछू-1 चा डोंगर 2013 मध्ये खचला आणि प्रकल्प वर्षानुवर्षं रखडला, त्याचं काय झालं ते शोध. प्रत्येक वर्षाचा अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने कर. जाहीर केलेला आणि दिलेला पैसा यांतलं अंतर त्याशिवाय दिसणार नाही. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचे अनुदानाच्या मागण्यांवरचे अहवाल संकेतस्थळावर फुकट आहेत, आधी ते वाच, मग पुस्तकं. आणि संभाजीनगरला विद्यापीठात येमेन, सुदानकडची मुलं शिकतात, त्यांच्याशी चहाला बस. शिष्यवृत्तीवर आलेला मुलगा घरी फोन करून भारताबद्दल काय सांगतो, हे कोणत्याच अहवालात मिळायचं नाही. त्यांची नावं मात्र प्रबंधात घालू नकोस.

टँकरचं वाक्य पहिल्या पानावर राहू दे, त्याच्या पुढच्याच ओळीत जलजीवनचे दोन आकडे टाक. मार्गदर्शकांशी वाद घालू नकोस, आकडे दाखव. सुधारित आराखडा दिवाळीच्या आधी पाठवलास तर सुट्टीत नीट बसून वाचीन.

तुझे
सर