पोटगी थकली आहे. निम्म्यावर तडजोड करावी का?

ताई, मुलाच्या पोटगीचे दरमहा १२,००० रुपये दहा महिने आलेले नाहीत. थकबाकी १,२०,०००. आता त्याचे वडील म्हणतात, "६०,००० एकरकमी घे, पुढे ७,००० देईन, कोर्टकचेरी नको." तुमचा भांडुपच्या दवाखान्यातला पगार २६,०००, शाळेची फी तोंडावर, म्हणून सही करावीशी वाटतेय.

सही करू नका. तुम्हाला बुडणारे ६०,००० दिसताहेत. मला पुढचे दरमहाचे ५,००० जास्त छळतात. मुलगा नऊ वर्षांचा आहे. अठराचा होईपर्यंत १०८ महिने, म्हणजे ५,४०,००० रुपये. आणि हा पैसा त्याचा आहे. वडिलांची कमाई खरंच घटली असेल, तर त्यांनी रक्कम कमी करायला कोर्टात अर्ज करावा.

घाई मात्र करा. तुमचा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा आहे (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४). त्याखाली वसुलीचं वॉरंट हवं असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. तुमच्या सर्वांत जुन्या हप्त्याला दोनच महिने उरलेत. वकिलासाठी दागिने गहाण टाकू नका. उत्पन्न कितीही असलं तरी महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात आदेश झालाय, तिथेच चौकशी करा.

मुलाचे वडील अंधेरीत पगारदार आहेत, ही तुमची मोठी जमेची बाजू. पोटगीचा आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये 'रजनेश विरुद्ध नेहा' खटल्यात सांगितलंय, आणि पोटगीसाठी पगाराचा दोन तृतीयांशपर्यंत भाग जप्त होऊ शकतो. तेव्हा वकिलांना आधी पगारजप्तीबद्दल विचारा. तुरुंगाचीही तरतूद आहे, तिथे जाऊन आल्याने थकबाकी फिटतही नाही. पण आत बसलेला माणूस कमावत नाही, म्हणून मी ती मागणी शेवटी ठेवेन.

दरम्यान त्यांनी ६०,००० खात्यात भरले तर जरूर घ्या. फक्त 'थकबाकीपैकी काही रक्कम मिळाली, बाकी येणं आहे' असा मेसेज लगेच पाठवा. रोख नको.

वसुलीला वेळ लागेल, तोवर घरखर्च २६,००० मध्येच बसवा. फी हप्त्यांत भरू देण्याची शाळेला विनंती करा. तरी कमी पडलं, तर १,५०,००० ची मुदत ठेव मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढी उचल) घ्या आणि पोटगी आली की आधी तो फेडा. या आठवड्यात बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. शेवटचा हप्ता कधी जमा झाला, ते वकिलांना पहिल्याच भेटीत दाखवावं लागेल.