हवेची गळती शोधणारी मुलगी

नमस्कार,

मुलगी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, ६१ टक्के आहेत. सरकार ऊर्जाबचतीवर भर देतंय, म्हणून तिला ‘एनर्जी ऑडिटर’च्या, म्हणजे ऊर्जा कुठे वाया जाते ते तपासणाऱ्याच्या, क्लासला घालून सरकारी नोकरी मिळवून द्यायची, त्यासाठी कर्ज काढावं का, असं तुम्ही विचारलंय.

टक्क्यांची मला काळजी नाही. तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ चार वेळा आलंय आणि तिला काय हवंय ते एकदाही नाही, याची आहे. तिच्याविषयी एकच वाक्य आहे, तेही तक्रारीचं: ‘ट्रेनिंगला पाठवलं तर कारखान्यात हवेची गळती शोधत बसते.’ अहो, हेच तर ते काम! कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबून पाइपांत सोडणारं यंत्र; त्याला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णता होऊन जातो. त्यात दाबलेली हवाही पाइपच्या सांध्यांतून फुसफुसत गेली, तर कारखाना रात्रंदिवस फुकटचं बिल भरतो. तिथे कान लावून बसणारी मुलगी वेळ वाया घालवत नाहीये. तिला तसं म्हणून तुम्ही तिचं मन मोडताय.

आता गैरसमजाबद्दल. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यानुसार सिमेंट, पोलाद यांसारख्या जास्त ऊर्जा खाणाऱ्या ठरावीक उद्योगांना प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, म्हणजे बीईईची, राष्ट्रीय परीक्षा या प्रमाणपत्रासाठी असते; तुम्ही म्हणता तो क्लास तिचीच तयारी करून घेतो. ती भरती परीक्षा नाही. पास झाल्यावर सरकार नेमणूकपत्र पाठवत नाही; नोकरी बहुतेकदा कारखान्यातच शोधावी लागते. शिवाय बसायलाच अनुभव लागतो: इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर ३ वर्षं, डिप्लोमानंतर ६. आज कर्ज काढून क्लास लावणं म्हणजे पैसे पाण्यात. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे प्रदूषणकारी वायू कमी सोडल्याबद्दल मिळणाऱ्या श्रेयाच्या, व्यापाराची सोय झालीय, तेव्हा मोजमाप नीट जाणणाऱ्यांची गरज वाढणार, हे खरं. पण मोजायला ती शॉप फ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात यंत्रांपाशीच, शिकेल.

पदवी करायची तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे. वीज कंपन्यांच्या जाहिराती निघतील तेव्हा तिने अर्ज करावेत, तिची इच्छा असेल तर.

क्लासची फी भरू नका. परीक्षेची चारही पुस्तकं बीईईने मोफत उपलब्ध करून दिली आहेत. तिसऱ्यात कॉम्प्रेस्ड एअरवर, म्हणजे दाबलेल्या हवेवर, अख्खं प्रकरण आहे. सगळी यंत्रं बंद ठेवून, कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर राहतो, म्हणजे हवा दाबत राहतो, यावरून गळतीची टक्केवारी काढायची रीत त्यात दिलीय. ते तिला दाखवा आणि तिच्या कारखान्यात किती टक्के निघतील, ते तिलाच विचारा.