पुण्यातल्या गच्चीवरून तेजोमेघाचे (नेब्युलाचे) फोटो निघतात का? त्यासाठी नॅरोबँड फिल्टर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की डीएसएलआर आणि २०० मिलिमीटरची लेन्स हाताशी आहे, घर पुण्यात आहे आणि गच्चीवरून जेमतेम ठळक तारे दिसतात. अशा आकाशात नॅरोबँड फिल्टर लावून तेजोमेघ टिपता येतील का, आणि स्टॅकिंगने, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक रचण्याने, नेमकं काय होतं?

येतात, आणि सुंदर येतात. मी गेली सहा वर्षं कोथरूडमधल्या गच्चीवरूनच फोटो काढतोय. पण फिल्टर ही तुमची पहिली खरेदी नसावी. का, ते सांगतो.

आधी फिल्टरचं काम बघू. तेजोमेघातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटर या एका ठरावीक तरंगलांबीला लाल चमकतो. दृश्य प्रकाशाचा पट्टा ढोबळमानाने ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि ७ नॅनोमीटरचा फिल्टर त्यातली एक बारीकशी फटच उघडी ठेवतो. रस्त्यावरच्या एलईडीचा प्रकाश अख्ख्या पट्ट्यावर पसरलेला असतो, त्यामुळे त्याचा फार तर चाळिसावा हिस्सा आत शिरतो. हायड्रोजनचा प्रकाश मात्र जवळजवळ सगळा येतो. पूर्वी रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे होते. त्यांचा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला, म्हणून तेवढाच अडवणारे फिल्टर चालून जायचे. एलईडी आल्यावर त्यांचा फारसा उपयोग उरला नाही. शहरात आता खरा आधार नॅरोबँडचाच.

दुसरी महत्त्वाची रेषा ऑक्सिजनची, ५००.७ नॅनोमीटर, निळसर हिरवी. तिची गोष्ट मला फार आवडते. १८६४ साली विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाच्या वर्णपटात ही हिरवी रेषा पाहिली. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवंच मूलद्रव्य कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेनने उलगडा केला: हा दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनच आहे, पण ही रेषा उमटायला वायू इतका विरळ लागतो की आपल्या प्रयोगशाळेत ती सहसा दिसतच नाही. गच्चीवर बसून आपण तीच रेषा साठवत असतो.

आता तुमच्या कॅमेऱ्याबद्दल. डीएसएलआरच्या सेन्सरपुढे कंपनीने बसवलेला एक फिल्टर असतो आणि नेमका हायड्रोजनचा लाल प्रकाश तो बहुतांशी अडवतो. त्यावर नॅरोबँड लावलात तर हाती फारसं काही लागणार नाही. आधी तो फिल्टर जाणकाराकडून काढून घ्या, म्हणजेच कॅमेरा मॉडिफाय करा. शिवाय रंगीत सेन्सरवर चारातला एकच पिक्सेल लाल असतो. म्हणून रंगीत कॅमेऱ्याला एकट्या हायड्रोजनच्या फिल्टरपेक्षा ड्युअल-बँड बरा: हायड्रोजन लाल पिक्सेलवर उतरतो, ऑक्सिजन हिरव्या-निळ्यांवर. आणखी अरुंद, ३ नॅनोमीटरच्या फिल्टरच्या मोहात पडू नका. लेन्स जास्त उघडी असेल तर तिरक्या किरणांमुळे फिल्टरची फट सरकते. लेन्स एफ/४ वर ठेवा, ७ नॅनोमीटर पुरेसा आहे.

आणि या सगळ्याच्या आधी माउंट, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवत ठेवणारा ट्रॅकर. नॅरोबँडमध्ये प्रकाश इतका कमी येतो की एकेक फ्रेम दोन ते पाच मिनिटांची घ्यावी लागते, आणि तेवढा वेळ तारा टिंबासारखा राहायला हवा. पैसे मोजकेच असतील तर ते ट्रॅकरमध्ये घाला. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने जुळवावा लागतो, आणि पुण्यातली खास अडचण त्या ध्रुवताऱ्याचीच. आपल्याकडे तो क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंशांवर असतो. माझ्या गच्चीवरून त्या जागी समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी येते. पहिली थंडी मी टाकीच्या कडेने अंदाज बांधण्यात घालवली आणि सगळे तारे लांबट आले. नंतर ‘नीना’ या मोफत सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची पद्धत मिळाली. आकाशाचा कुठलाही मोकळा तुकडा दाखवला की ध्रुव न दिसताही अक्ष जुळवता येतो. त्यासाठी लॅपटॉप वर न्यावा लागतो, पण माझा प्रश्न त्यानेच सुटला.

स्टॅकिंग मात्र मनापासून समजून घ्या. माझी रोझेट तेजोमेघाची पहिली पाच मिनिटांची फ्रेम उघडली तेव्हा पडद्यावर काळा चौकोन होता, मधोमध एनजीसी २२४४ या तारकागुच्छाचे चार-सहा तारे. ती फ्रेम स्ट्रेच केली, म्हणजे अंधुक भाग उजळवले, तर पॉलिश पेपरसारखी खरखर आणि त्यात एक फिकट कडं. तेजोमेघ दर फ्रेममध्ये त्याच जागी असतो, खरखर दर वेळी वेगळी. फ्रेम जुळवून सरासरी काढली की तेजोमेघ टिकतो आणि खरखर वर्गमुळाच्या हिशेबाने घटते: १६ फ्रेमना चौथा हिस्सा, ६४ ना आठवा. त्या रात्री मी एकेक गठ्ठा वाढवत पाहत गेलो. सोळाला कड्याला पाकळ्या आल्या. चौसष्टला त्या पाकळ्यांवर काळ्या ठिपक्यांची रांग उमटली, धुळीचे दाट गोळे, सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवरचे. माझ्या गच्चीवरून! मी खाली जाऊन घरच्यांना उठवून आणलं होतं.

याच हिशेबाने एका रात्रीत तीन वस्तू टिपण्यापेक्षा एकाच वस्तूला तीन रात्री द्या. दर दोन-तीन फ्रेमनंतर कॅमेरा किंचित हलवायचा, त्याला डिदरिंग म्हणतात. ते केलं नाही तर सेन्सरचे डाग रेघा होऊन उतरतात. विमानं आणि उपग्रहांचे पट्टे स्टॅकिंगमध्येच वगळले जातात, त्यांची चिंता नको. डार्क फ्रेम, म्हणजे लेन्स झाकून घेतलेल्या फ्रेम, त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्या. फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजळ पांढऱ्या पडद्याच्या फ्रेम, तर टाळूच नका: लेन्सच्या तोंडावर पांढरा सदरा चुण्या न पडता ताणून बसवायचा, पुढे लॅपटॉपचा पांढरा पडदा धरायचा, फोकस तसाच ठेवायचा. माझ्या एका अख्ख्या रात्रीच्या फोटोवर धुळीची गोल कडी राहिली, ती फ्लॅट न घेतल्यामुळेच. फ्रेमच्या जुळवणीला ‘सिरिल’ हे सॉफ्टवेअर वापरा. मोफत आहे आणि पुष्कळ पुरतं.

फिल्टरने सगळं साधत नाही. कृत्तिकांभोवतीची निळी धूसरता हा ताऱ्यांचाच परावर्तित प्रकाश, आणि देवयानी दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा. दोन्ही पट्टाभर पसरलेले, फिल्टर त्यांनाही कापतो. त्यांच्यासाठी अंधारातच जायला हवं. पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकडे खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम असतात. तिथे दुसऱ्यांची उपकरणं बघून मग खरेदी करा.

सुरुवात रोझेटनेच करा. मृगातला काक्षी आणि प्रश्वा या ठळक ताऱ्यांच्या मधल्या भागात, शृंगाश्व या तारकासमूहात, तो आहे. डिसेंबरअखेरीस मध्यरात्री आणि जानेवारीअखेरीस दहाच्या सुमारास तो जवळपास डोक्यावर येतो, म्हणजे शहराचा उजेड सगळ्यात कमी असतो तिथे. तुमच्या २०० मिलिमीटरमध्ये तो आरामात बसेल. फ्रेमची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवलीत तर उत्तरेच्या कडेला एनजीसी २२६४ हा तारकागुच्छ आणि त्याचा तेजोमेघ सुद्धा जेमतेम येईल. चंद्र असला तरी हायड्रोजन घेत राहा, ऑक्सिजनसाठी मात्र अमावास्येजवळच्या रात्री राखून ठेवा.