हायब्रिड गाडीत ब्रेक ऑइल घरी बदलायचं तर डॉट ३, डॉट ४ की डॉट ५.१?

ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जो ग्रेड छापलाय, तोच घ्या. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, उलट नाही. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. ‘डॉट ५’ मात्र सिलिकॉनचं असतं, ते अजिबात घालू नका, ५.१ वेगळं, डॉट ३-४ सारखं ग्लायकॉलचंच. आणि डबा सीलबंदच हवा, उघडा राहिलेला हवेतलं पाणी शोषतो. रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे (मोटर गाडी थांबवताना बॅटरी चार्ज करते) ब्रेक पॅड कमी झिजतात, ऑइलचं आयुष्य वाढत नाही. एक अडचण: बऱ्याच हायब्रिडमध्ये ब्रेकचा इलेक्ट्रिक पंप आपोआप चालू होतो, म्हणून ब्लीडिंगसाठी (जुनं ऑइल आणि हवा नळ्यांतून काढायला) स्कॅन टूल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लागतं. ते नसेल तर पातळी भरा, पूर्ण बदल गॅरेजमध्ये. पातळी घटली असेल तर आधी पॅड आणि गळती तपासा.