स्ट्रिप करूनही गावांची नावे का जुळत नाहीत?

कापूस नोंदणीच्या दोन याद्या पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेने जुळवताना प्रत्येक नावावर स्ट्रिप चालवूनही ‘चांदूर रेल्वे’ आणि ‘नांदगाव खंडेश्वर’ ही नावे दोन्ही याद्यांत सारखीच दिसत असूनही वेगळी का धरली जातात, असे आपण विचारले आहे. अमरावती जिल्ह्यातील अशा याद्यांचे काम माझ्याकडे नेहमी असते, म्हणून सविस्तर लिहितो.

स्ट्रिप फक्त दोन्ही टोकांची मोकळी जागा काढते. ‘चांदूर’ आणि ‘रेल्वे’ यांच्यामध्ये कोणी दोन स्पेस दिल्या असतील, किंवा वेबसाइटवरून कॉपी करताना नॉन-ब्रेकिंग स्पेस (साध्या स्पेससारखीच दिसणारी, पण तिथे ओळ तुटू न देणारी जागा) आली असेल, तर तिला ते हात लावत नाही. त्यासाठी कंसात काहीही न देता स्प्लिट करावे आणि मिळालेले तुकडे एका साध्या स्पेसने जॉइन करावेत. सगळ्याच स्पेस उडवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला मान्य नाही. आपल्याकडील कितीतरी नावांत ती जागा नावाचाच भाग आहे.

तरीही जुळत नसेल, तर नाव नुसते प्रिंट न करता त्याचे ‘रेप्र’ छापून पाहावे, म्हणजे न दिसणारी चिन्हे क्रमांकासह उघडी पडतात. २००बी दिसल्यास ती शून्य रुंदीची स्पेस होय. पायथॉन तिला मोकळी जागा मानत नाही, त्यामुळे स्ट्रिप आणि स्प्लिट दोन्ही तिला सोडून देतात. ती रिप्लेसने काढावी लागते.

२००डी, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर (अक्षरे जोडणारे, न दिसणारे चिन्ह), मात्र सरसकट काढू नये. ‘वऱ्हाड’ किंवा ‘शेतकऱ्याचे नाव’ यांतील ऱ्ह आणि ऱ्य काही कीबोर्ड र, हलन्त आणि हा जॉइनर मिळून लिहितात, तर काही ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण जॉइनर काढला की ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होते. युनिकोडचे एनएफसी रूप (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलेले असल्यास ते एकसारखे करणारे प्रमाण रूप) करूनही हा फरक मिटत नाही. म्हणून र, हलन्त आणि जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावे, आणि ते दोन्ही याद्यांवर, तुलना करण्याआधी करावे.

फायलींना तालुक्यांची नावे देऊन त्या बॅशच्या (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लूपमधून स्क्रिप्टला पुरवत असाल, तर फायलीचे नाव धरणारे व्हेरिएबल दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे. नाहीतर ‘चांदूर’ आणि ‘रेल्वे’ अशा दोन वेगळ्या फायली शोधल्या जातील.