आनंदीबाईंच्या वाटेने न गेलेल्या स्त्रिया

प्रश्न : मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. आमच्या वाचन मंडळात ‘माझ्या आयुष्याला आकार देणारी प्रसिद्ध स्त्री’ या विषयावर प्रत्येकीने बोलायचे ठरले आहे. शाळकरी वयात वडिलांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र हाती दिले आणि ते मी कितीदा तरी वाचले. पण मी डॉक्टर झाले नाही, परदेशी गेले नाही, कोणत्या रूढीशी झगडले असेही घडले नाही. मग त्यांनी माझे आयुष्य घडवले, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आपण प्रेरणेचा हिशेब अनुकरणाने मांडतो, म्हणून हा संकोच वाटतो. प्रत्यक्षात आनंदीबाईंचे ऋण ज्यांच्यापर्यंत पोहोचल्याचे निश्चितपणे दाखवता येते, त्या स्त्रियांपैकी अनेकींनी वैद्यकाची वाट धरलीच नाही.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा त्यांच्या दूरच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंना वैधव्य आलेले होते, पदरी मनोरमा ही लहान मुलगी होती आणि इंग्लंडमधले शिक्षण अर्धवट होते. एका समारंभापुरत्या आलेल्या या बाई अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. त्यांनी तिथल्या शाळा पाहिल्या, बालशिक्षणाची नवी पद्धत अभ्यासली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून १८८७ मध्ये प्रसिद्ध केले आणि शहरोशहरी व्याख्याने दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाने एक मंडळ स्थापन झाले आणि रमाबाई हिंदुस्थानात काढणार असलेल्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे त्याने मान्य केले. आनंदीबाई मात्र तोवर राहिल्या नव्हत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागावर नेमणूक झालेली असतानाही, कामावर रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याच्या आत, त्या पुण्यात क्षयाने वारल्या. रुग्ण तपासण्याच्या हिशेबाने पाहिले तर त्यांच्या कामगिरीची पाटी कोरीच म्हणावी लागेल, आणि तो हिशेब किती तोकडा आहे हेही त्यातूनच कळते.

११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे योगायोगाने त्याच तारखेला, रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी होती कोकणातली गोदूबाई, जिच्या कपाळी अगदी लहानपणीच वैधव्य आले होते. तिचे भाऊ नरहरपंत जोशी हे धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गोदूबाईंच्या आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढे सारे त्यांना बाया म्हणू लागले. त्याच वर्षी सदनात धर्मांतराला उत्तेजन दिले जाते, असा पुण्यात गदारोळ उठला, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. रमाबाईंचे नाव मराठी घरांत पुढे कित्येक दशके दबक्या आवाजात घेतले गेले, याचे मूळ या वादात आहे, आणि ती आपल्या समाजाने स्वतःचीच केलेली हानी होती, असे माझे मत आहे. कर्व्यांनी १८९६ मध्ये काढलेल्या विधवाश्रमाला ही पार्श्वभूमी होती. तो आश्रम पुढे हिंगण्याला गेला आणि बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले त्याच्या आधारस्तंभ झाल्या. पार्वतीबाईही विधवा होत्या. इंग्रजी जेमतेम येत असताना संस्थेच्या वर्गणीसाठी त्यांनी अमेरिका गाठली आणि तिथे लोकांच्या घरी कामे करून आपला खर्च भागवला.

आता या मालिकेकडे पाहावे. आनंदीबाई वैद्यक शिकल्या, रमाबाईंनी शाळा काढली, बायांनी समाजाचा रोष पत्करून संसार मांडला, पार्वतीबाईंनी आश्रमासाठी दारोदार फिरून पैसे जमवले. एकीचे आयुष्य दुसरीसारखे नाही. प्रत्येकीने आपल्या आधीच्या बाईकडून घेतली ती एखादी जागा, ओळख किंवा अमुक गोष्ट बाईला करता येते हा डोळ्यांदेखत मिळालेला पुरावा. यातली कोणीही आधीच्या बाईची तसबीर समोर ठेवून तिच्याबरहुकूम जगायला निघाली नव्हती. तसबिरी आपण नंतर लावल्या, हार घातले, आणि जयंतीच्या भाषणांत त्यांना इतके उंच चढवले की कार्यालयात नोकरी करणाऱ्या बाईला त्यांच्याशी आपला काही संबंध आहे, असे म्हणण्याचीही चोरी झाली.

तेव्हा मंडळात बोलताना आपण आनंदीबाई का झालो नाही, हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्यापेक्षा असा एखादा निर्णय आठवून पाहावा, जो घेताना हे चरित्र मनात होते : परीक्षेला पुन्हा बसणे असेल, नोकरी न सोडणे असेल, मुलीचे लग्न लांबवणे असेल. असा निर्णय सापडला तर तोच सांगावा, लहान असला तरी. सापडलाच नाही, तर हे पुस्तक मला फार आवडले, एवढे प्रामाणिकपणे सांगण्यातही कमीपणा नाही. आवडणे आणि घडवणे यांत फरक आहे आणि प्रत्येक आवडत्या बाईने आपले आयुष्य घडवलेच पाहिजे, अशी सक्ती कोणी केलेली नाही.

प्रश्न : माझ्या मुलीने वक्तृत्व स्पर्धेसाठी डॉ. रखमाबाईंची निवड केली होती. ज्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला, त्याच्या मृत्यूनंतर त्यांनी विधवेचा वेष स्वीकारला, असे वाचल्यापासून ती नाराज आहे आणि विषय बदलायचा म्हणते. काय सांगावे?
– एक पालक, नाशिक

उत्तर : विषय बदलू नये आणि तो भाग भाषणातून गाळूही नये. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंवर दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये नांदायला येण्यासाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, परंतु अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये, नांदायला जा अन्यथा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला आणि त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला वैद्यक शिकल्या आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले. दादाजी १९०४ मध्ये वारले, त्यानंतरची ती पांढरी वस्त्रे.

मलाही ती गोष्ट रुचत नाही. तथापि संमतीवाचून लावलेले लग्न न्यायालयाने आपल्यावर लादू नये, हा रखमाबाईंचा आग्रह होता. वेष त्यांनी स्वतः निवडला, तो त्यांच्यावर कोणत्याही कोर्टाने लादला नव्हता. मुलीला हा फरक पटेलच असे नाही. तिने आपली नाराजी व्यासपीठावरून मांडावी; परीक्षकांनी पाठ केलेली स्तुतिपर भाषणे पुष्कळ ऐकलेली असतात.

प्रश्न : माझ्या पिढीपुढे रमाबाई रानडे होत्या. नातीला विचारले तर स्मृती मानधनाचे नाव घेते. खेळाडूला आदर्श मानावे काय?
– एक आजी, सांगली

उत्तर : अवश्य मानावे, आणि तुमच्याच गावात वाढलेली मुलगी तर जरूर. मात्र नातीला डायना एदलजी यांच्याविषयीही सांगावे. महिला क्रिकेटमध्ये पैसा नव्हता त्या काळात त्यांनी भारताचे नेतृत्व केले, आणि पश्चिम रेल्वेत असताना खेळाडू मुलींना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात यासाठी पाठपुरावा केला. मिताली राज याच रेल्वेच्या संघातून खेळल्या. महिला क्रिकेटचा कारभार २००६ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आला आणि पुरुषांइतके सामना-मानधन २०२२ मध्ये जाहीर झाले. त्याआधीची बरीच वर्षे अनेक मुलींचे घर या रेल्वेच्या पगारावर चालले.