न्यूयॉर्कला धावायला निघालेल्या पोरीला पत्र

अगं,

न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या लॉटरीत तुझा नंबर लागला हे कळलं, फार बरं वाटलं. लांब पल्ल्याचं सरावाचं धावणं तू चुकवत नाहीस, म्हणून सरावाबद्दल काही लिहीत नाही. लिहितोय ते तिथे पोचल्यानंतरच्या तीन-चार दिवसांबद्दल. मी धावलो तेव्हा शर्यत रविवारी होती, पण मी ती शनिवारीच घालवून बसलो होतो.

एवढं विमानभाडं भरलंय तर शहर बघून घेऊ, या हिशेबाने मी शनिवारी ब्रुकलिन ब्रिज चालत गेलो, चालतच परत आलो, वर एक संग्रहालय पालथं घातलं. रात्री मोबाइलने एकतीस हजार पावलं दाखवली तेव्हा शहाण्यासारखा खूशही झालो. दुसऱ्या दिवशी शर्यतीत फिफ्थ अव्हेन्यूवर पायांनी त्यातलं एकेक पाऊल वसूल केलं.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणायला जेव्हिट्स सेंटरला स्वतःच जावं लागतं, पासपोर्ट घेऊन. ते काम लवकर उरक आणि तिथले चकचकीत नवे बूट बघून हात मागेच ठेव. आपले धावायचे बूट विमानात केबिन बॅगेत. चेक-इनच्या बॅगेवर भरवसा नको. वरण-भाताची आठवण आली तर क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला जा, पण ट्रेनने.

शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि त्याच पहाटे तिथली घड्याळं तासभर मागे जातात. एक तास जास्त मिळतो खरा; पण आपलं शरीर साडेदहा तास पुढच्या वेळेवर असतं, मध्यरात्रीच टक्क जाग येते. घाबरू नकोस, आदल्या रात्रीची झोप कुणालाच नीट लागत नाही. शुक्रवारची मात्र सांभाळ.

मुंबईत पहाटे पाचला अंधारात सुटायची तुला सवय. तिथे अंधारात फेरी बोट पकडून, शर्यत सुटते त्या स्टॅटन आयलंडला जायचं आणि मग थंडीत काही तास नुसतं बसून राहायचं. टाकून द्यायला हरकत नाही असा जुना स्वेटर नि ट्रॅक पँट घाल. सुटताना लोक ते काढून ठेवतात, पुढे ते दान जातात. बुडाखाली घालायला एक प्लॅस्टिकची पिशवी ने. पहाटे चारला खाल्लेलं सुटेपर्यंत जिरून जातं, म्हणून केळं आणि ब्रेड-पीनट बटर सोबत असू दे.

सगळ्यात मोठा चढ पहिल्याच मैलात, व्हेराझानो पुलावर. पाय ताजे असल्याने तो जाणवत नाही, हीच गंमत. आणि हो, पाट्या मैलांच्या असतात. किलोमीटरला सात मिनिटं म्हणजे मैलाला सव्वाअकराच्या आसपास. हे आत्तापासून डोक्यात बसव, धावताना गुणाकार होत नाहीत.

पंधराव्या मैलानंतर क्वीन्सबरो पूल लागतो. तिथे प्रेक्षक नाहीत, बँड नाही. लोखंडी छताखाली नुसता हजारो बुटांचा थपथप आवाज आणि लोकांचे श्वास. मला तो तुकडा अजून आठवतो. पूल उतरून वळलीस की फर्स्ट अव्हेन्यूवरची गर्दी अंगावर येते, एवढी ओरडते की पाय आपोआप सुटतात. तिथे घड्याळाकडे बघ आणि हट्टाने हळू हो. अजून दहा मैल बाकी असतात. मुंबईतल्या पेडर रोडचा चढ निदान समोर दिसतो तरी. सेंट्रल पार्कच्या आधीचा फिफ्थ अव्हेन्यूचा चढ दिसतच नाही, फक्त मांड्यांना कळतो. थंडीत घाम जाणवत नाही, म्हणून तहान लागली की पाणी टाळू नकोस.

सोमवारी मेडल गळ्यात घालून खुशाल फिर, तिथे त्याला कुणी हसत नाही, उलट अनोळखी माणसं थांबवून शाबासकी देतात. सबवेचे जिने उतरताना कठडा धर. आणि ब्रुकलिन ब्रिजवर जा, मध्यावर थांबून एक फोटो पाठव. मी तिथे चुकीच्या दिवशी गेलो होतो.

तुझा,
काका